मण्यार की कवड्या, घोणस की डुरक्या? पुणे परिसरातले साप ओळखताना काय पाहायचं

पुणे शहर आणि आसपासच्या तालुक्यांत माणसाचा जीव घेऊ शकणारे साप मुख्यतः चार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पश्चिमेला मुळशी, ताम्हिणी, भीमाशंकरच्या जंगलपट्ट्यात चापडा भेटतो. त्याच्या दंशाने प्रचंड वेदना आणि सूज येते, मृत्यू मात्र क्वचितच होतो. बाकी घरात, पार्किंगमध्ये, विहिरीवर किंवा ऊसात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, काही निमविषारी. म्हणून सगळ्या जाती पाठ करायच्या भानगडीत पडू नका. हे चार साप आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप, एवढ्या जोड्या नीट शिकल्या की पुरे.

ओळखण्याचा उपयोग कशासाठी करायचा, हे आधी ठरवून टाका. साप उचलण्यासाठी किंवा ‘बिनविषारी आहे, मीच बाहेर काढतो’ म्हणण्यासाठी नाही. खोली रिकामी करायची की नुसतं लक्ष ठेवायचं, सर्पमित्राला फोनवर काय सांगायचं, झोपण्याआधी कोणती खबरदारी घ्यायची, हे ठरवण्यासाठी ओळख हवी. शंका राहिली तर साप विषारीच धरायचा. बिनविषारी कवड्याला मण्यार समजलात तर तासभर गैरसोय होईल. मण्यारीला कवड्या समजलात तर माणूस जाईल.

एका खुणेवर विसंबू नका

विषारी साप ओळखायचे म्हणून जे ठोकताळे घरोघरी सांगितले जातात, ते एकेकटे वापरले की फसवतात.

‘विषारी सापाचं डोकं त्रिकोणी असतं’ हे घोणस, फुरसं आणि चापडा यांच्यापुरतं खरं आहे. नागाचं डोकं त्रिकोणी नसतं, मण्यारीचं तर मानेपासून जेमतेम वेगळं दिसतं. म्हणजे चारांपैकी दोन साप या कसोटीतून सुटले. उलट, माणसाला धोका नसलेल्या मांजऱ्याचं डोकं चांगलं त्रिकोणी असतं आणि चिडलेला दिवडही डोकं चपटं करून तसंच दाखवतो.

‘डोळ्याची बाहुली उभी असेल तर विषारी’ याचंही तेच. नागाची बाहुली गोल असते. मण्यारीचा डोळा इतका काळा असतो की बाहुली दिसतच नाही. मांजऱ्या, अजगर आणि मांडूळ यांची बाहुली उभी असते आणि ते विषारी सापांत मोडत नाहीत. शिवाय बाहुली दिसण्याइतके जवळ गेलात, तर मुळातच चूक केलीत.

रंगावर तर अजिबात जाऊ नये. नाग गव्हाळ, तपकिरी, करडा किंवा काळाभोर असू शकतो. कात टाकायच्या आधी सापाचा रंग दुधाळ, फिकट होतो आणि नक्षी पुसट दिसते. चिखलातून आलेल्या सापाची नक्षी पूर्ण झाकलेली असू शकते.

‘दोन दातांचे व्रण म्हणजे विषारी’ हा ठोकताळा सर्वांत घातक. विषारी साप चावल्यावर एकच व्रण, नुसता ओरखडा किंवा तीन-चार खुणा दिसू शकतात, आणि मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा शोधूनही सापडत नाही.

पाहण्याचा क्रम

पहिलं काम अंतराचं. साप साधारण आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतो. हे गणित करत बसू नका, सरळ ८ ते १० फूट लांब उभे राहा. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत न्या. अंधार असेल तर दिवा लावा किंवा टॉर्चचा झोत बाजूने टाका. समोरून झोत टाकला की खवले चमकतात आणि पट्टे दिसेनासे होतात.

मग या क्रमाने पाहा. आधी बांधा: जाड आणि आखूड, की बारीक आणि लांब? शेपटी एकदम निमुळती होत संपते, की लांबच लांब जाते? मग पाठीवरची नक्षी: ठिपके, आडवे पट्टे, चौकटी की काहीच नाही? पट्टे असतील तर ते मानेकडे ठळक आहेत की शेपटीकडे, हे आवर्जून बघा, कारण पुढे याचंच काम पडणार आहे. मग डोकं: मानेपेक्षा रुंद आहे का, ओठांवर काळ्या रेषा आहेत का, डोक्यावर काही खूण आहे का? सापाची वागणूक शेवटी. घाबरलेला साप जातीच्या स्वभावाप्रमाणे वागेलच असं नाही.

लांबी सांगताना माणसं हमखास दुप्पट सांगतात. जमिनीवर फरशी असेल तर ती मोजपट्टी म्हणून वापरा. आजच्या फ्लॅटमधली फरशी बहुधा २ फूट बाय २ फूट असते. साप दीड फरशी भरला तर ३ फूट, संपला विषय.

मण्यार आणि कवड्या

पुण्यातल्या घरांत सर्वाधिक गोंधळ याच जोडीचा होतो आणि चूक सर्वांत महाग इथेच पडते, म्हणून या भागाला जास्त वेळ द्या. दोन्ही साप रात्री फिरतात, दोन्ही घरात शिरतात, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. कवड्या पाली खायला येतो. मण्यार उंदीर, पाली आणि मुख्यतः दुसरे साप खाते. जिथे कवड्या आहे तिथे मण्यारही येऊ शकते.

पूर्ण वाढलेली मण्यार साधारण ३ ते ४ फुटांची, पोलादी निळसर काळी आणि चकचकीत असते. पट्टे बारीक, बहुधा दोन-दोनच्या जोडीने आलेले. मानेजवळचा भाग अनेकदा कोराच असतो किंवा तिथे नुसते ठिपके दिसतात. मागे शेपटीकडे जावं तसे पट्टे स्पष्ट होत जातात. डोकं बोथट आणि मानेएवढंच.

कवड्या आकाराने लहान, बहुधा दीड ते दोन फुटांचा. रंग तपकिरी किंवा चॉकलेटी. पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. पट्टा पाठीवर रुंद असतो आणि कुशीला पोहोचताना फाटे फुटून जाळीदार होतो. मानेवर बऱ्याचदा पिवळट-पांढरी पट्टी असते. डोकं चपटं, मानेपेक्षा किंचित रुंद, डोळे थोडे बाहेर आलेले. कवड्या खरबरीत भिंतीवर, पाइपवर, खिडकीच्या जाळीवर सहज चढतो. पण ‘भिंतीवर चढला, म्हणजे कवड्या’ असा निकाल देऊ नका. मण्यार कौलांतून आणि पलंगावरूनही मिळालेली आहे.

याचा एक भाऊबंद पट्टेरी कवड्या. तो रंगाने बराच काळसर असतो आणि फसगत तिथे वाढते. तो लहान, फूट-सव्वा फुटाचा असतो. त्याचेही पट्टे मानेकडे रुंद आणि स्पष्ट असतात.

आता दोन अपवाद. त्यांच्यामुळेच ‘पट्टे पुढून सुरू, म्हणजे कवड्या’ हा नियम आम्ही कुणाला निर्धास्तपणे देत नाही. मण्यारीच्या पिल्लांचे पट्टे डोक्याजवळूनच स्पष्ट असू शकतात, आणि पावसाळ्यात घरात शिरणारी मण्यार पिल्लूच असण्याची शक्यता बरीच असते. दुसरं, जुनी मोठी मण्यार कधी कधी जवळजवळ बिनपट्ट्यांची, निव्वळ काळी असते.

मग पक्की खूण कोणती? मण्यारीच्या पाठीच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग जाते. शेजारचे खवले लहान, मधले स्पष्ट मोठे. कवड्याला अशी रांग नसते, सगळे खवले एकसारखे. ही खूण वयाने बदलत नाही आणि रंगाने झाकली जात नाही. ती डोळ्यांनी शोधायला वाकू नका. लांबून झूम करून फोटो घ्या आणि पडद्यावर मोठा करून पाहा.

दिवसा मण्यार सुस्त असते, डोकं वेटोळ्याखाली लपवते, डिवचलं तरी चटकन चावत नाही. हे पाहून लोक तिला गरीब समजतात. रात्री तीच मण्यार वेगळी असते. तिचे बहुतेक बळी जमिनीवर झोपलेले असतात, कारण ती भक्ष्य शोधत अंथरुणाजवळून फिरते आणि झोपेत तिच्यावर हात किंवा कूस पडते. म्हणून घरात काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप रात्री दिसला आणि निसटला, तर त्या रात्री कुणीही खाली झोपू नये. पलंगावर मच्छरदाणी लावा, तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका.

घोणस, डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू

कात्रज, आंबेगाव, धायरीपासून वाघोली-लोहगावपर्यंत, जिथे शेतं किंवा पडीक जमीन इमारतींना लागून आहे, तिथे घोणस आहेच. उंदीर जिथे, तिथे घोणस. थंडीत ती सकाळच्या उन्हाला बांधावर, पायवाटेवर येऊन पडते.

जाड अंग, आखूड शेपटी, मानेपासून स्पष्ट वेगळं त्रिकोणी डोकं, मोठ्या नाकपुड्या. पाठीवर लंबगोल तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, एक मधोमध आणि दोन कुशींना. प्रत्येक ठिपक्याला काळी कड आणि तिच्या बाहेर बारीक पांढरट रेघ. ठिपके नेटके, एका ओळीत. चिडली की अंग फुगवून कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांबत जाणारा फुत्कार सोडते. हा आवाज आला की साप दिसत नसला तरी आहात तिथेच थांबा, कुठून येतोय ते पाहा आणि मग त्याच्या विरुद्ध दिशेला हळू मागे या.

डुरक्या घोणस हा बिनविषारी साप. नावात घोणस आहे म्हणून माणसं मारतात आणि डुरक्या समजून खऱ्या घोणशीला हात घालतात. दुसरी चूक जीवघेणी. डुरक्याची नक्षी वेडीवाकडी असते: ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी पट्टा होतो, कडा नेटक्या नसतात, तीन स्वतंत्र रांगा दिसत नाहीत. डोकं मानेपासून वेगळं दिसत नाही, डोळे बारीक. बहुतेक डुरक्या दीड-दोन फुटांचे असतात आणि मातीत तोंड खुपसून पडलेले आढळतात.

अजगराच्या पिल्लाचे डाग मोठे, चौकोनी-वाकडे आणि एकमेकांत अडकवल्यासारखे. डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी ठळक खूण असते. खवले गुळगुळीत, अंगावर तेलकट चमक. घोणशीचे खवले खरखरीत आणि निस्तेज.

घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते आणि एका वेळी वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त. मे ते जुलैच्या सुमारास एक पिल्लू दिसलं तर आवारात आणखी असतील असं धरून चाला. पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं.

नाग आणि धामण

फणा काढला की नाग ओळखायला कुणाची गरज नाही. अडचण फणा न काढलेल्या नागाची, कारण सरपटत निघालेला नाग फणा काढत नाही. आणि फण्यावरचा दहाचा आकडा प्रत्येक नागावर स्पष्ट असतोच असं नाही.

फणा नसताना ओठ पाहा. धामणीच्या ओठांवर उभ्या काळ्या रेघा ओळीने असतात, लांबूनही दिसतात. नागाला फार तर डोळ्याखाली एखादा काळा डाग असतो. धामणीचा डोळा मोठा आणि मान बारीक. नागाचा डोळा त्या मानाने लहान, डोकं रुंद, मान जवळजवळ तेवढीच. नागाने पुढचं अंग उचललं तर गळ्याखाली एक-दोन रुंद गडद पट्टे दिसतात. धामण दिवसा फिरते, लांबसडक असते (६-७ फूट सहज) आणि माणूस दिसताच वेगाने पळते. नाग त्या मानाने सावकाश जातो आणि कोंडी झाली तर थांबून सामोरा येतो.

‘धामण ही नागाची मादी’ हा समज अजून टिकून आहे. त्या दोन पूर्ण वेगळ्या जाती आहेत, नागाची मादी नागच असते. बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसतात, ते बहुतेक वेळा दोन नरांचं झुंजणं असतं. धामण शेतकऱ्याचे उंदीर खाते, तिला मारणं म्हणजे आपल्याच धान्याचं नुकसान.

मान चपटी करणारे आणखी दोन साप नागाच्या नावाखाली मारले जातात. दिवड मुळा-मुठेच्या काठी, कालव्यात, विहिरीत असतो. अंगावर काळ्या चौकटींची नक्षी आणि डोळ्याखालून व मागून जाणाऱ्या दोन तिरक्या काळ्या रेघा ही त्याची खूण. तापट असतो, चावतो, पण विष नाही. गवत्या हिरवा आणि जाडसर, जमिनीवर बेडूक खात फिरतो. पावसाळ्यात गवतात दिसतो. त्याच्या पिल्लाच्या मानेवर काळी खूण असते, तिला लोक नागाची खूण समजतात.

फुरसं आणि मांजऱ्या

फुरसं लहान, बहुधा फूट-दीड फूट. पुरंदर, बारामती, शिरूरच्या कोरड्या, खडकाळ माळावर दगडांखाली सापडतं. डोक्यावर बाणाची किंवा पक्ष्याच्या पावलाची पांढरट खूण, कुशीवर नागमोडी फिकट रेघ. चिडलं की अंगाची अर्धवट वेटोळी एकमेकांवर घासतं आणि खरखर असा आवाज करतं. झेप इतकी झटपट की ते उडी मारतं असं लोक म्हणतात. उघड्या पायाने दगड-गवतात काम करणं आणि हाताने दगड उचलणं, इथेच ते चावतं. पहार किंवा काठीने दगड आधी लांबूनच उलटवा.

मांजऱ्याच्याही डोक्यावर खूण असते, पण तो अंगाने बारीक, शेपटीने लांब, २ ते ३ फुटांचा. झाडाझुडपांवर चढतो. फुरशाची शेपटी आखूड, अंग जाडसर, आणि ते जमीन सोडत नाही म्हटलं तरी चालेल. मांजऱ्याचं विष सौम्य असतं, माणसाला त्याचा धोका नाही.

हिरवे साप, बारीक साप

हिरवा साप दिसला आणि तुम्ही मुळशीच्या पलीकडे असाल, तर चापडा आधी आठवा: त्रिकोणी डोकं, बारीक मान, जाडसर अंग, फांदीवर शेपटी गुंडाळून तासन् तास न हलणारा. हिरवा असेलच असंही नाही, तपकिरी छटाही असतात. हरणटोळ दोरीसारखा लांब, तोंड टोकदार, डोळ्याची बाहुली आडवी. तो माणसाच्या टाळूवर चावतो ही निव्वळ अफवा.

पावसाळ्यात न्हाणीघराच्या जाळीतून चार-सहा इंचांचा, काळपट, गांडुळासारखा प्राणी येतो आणि घरात ‘नागाचं पिल्लू’ म्हणून ओरड होते. तो वाळा. नागाचं पिल्लू जन्मतःच सुमारे १० इंचांचं असतं आणि पहिल्या दिवशी फणा काढतं. वाळ्याला कागदावर घेऊन कुंडीत सोडा, काम झालं. मात्र पेन्सिलीपेक्षा बारीक, तपकिरी, काळ्या डोक्याचा साप दिसला तर शेपटी पाहा. शेपटीवर दोन काळी कडी असतील तर तो पोवळा, विषारी. तसाच दिसणारा, पण शेपटीला कडी नसलेला काळतोंड्या बिनविषारी. इतक्या लहान सापाची शेपटी पाहायला जवळ जावं लागतं, म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: काळ्या डोक्याच्या बारीक सापाला हात नाही लावायचा.

फोटो आणि फोन

तीन फोटो पुरतात: डोक्याची एक बाजू, पाठीचा मधला भाग, शेपटी. सगळे झूम करून. फ्लॅशमुळे खवले चमकत असतील तर फ्लॅश बंद करून दुसऱ्याला बाजूने टॉर्च धरायला सांगा. हलता साप असेल तर व्हिडिओ काढा, त्यातून स्थिर चित्र निघतं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मतं मागवू नका. दहा उत्तरांत जो सर्वांत ठामपणे सांगतो, तो बरोबर असतोच असं नाही.

वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे. अग्निशमन दलाकडूनही मदत मिळते. परिसरातल्या नोंदणीकृत सर्पमित्राचा नंबर वॉचमनच्या खोलीत आधीच लिहून ठेवा, साप निघाल्यावर शोधायला लागू नका. फोनवर ठिकाण, लांबी, नक्षी आणि साप नेमका कुठे आहे हे सांगा. मदत येईपर्यंत एका माणसाने लांबून नजर ठेवायची, खोलीचं दार लावून खालच्या फटीत जाड टॉवेल ठासायचा. फिनाइल, रॉकेल, कीटकनाशकाचा फवारा काही मारू नका. त्याने साप मरत नाही, भेदरून कपाटामागे घुसतो आणि शोधायचं काम दुप्पट होतं. साप मारणं, पकडून ठेवणं, खेळवणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे.

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातल्या सर्पोद्यानात जावं आणि काचेमागचे साप वरच्या क्रमाने वाचावेत. कागदावरची ‘तीन रांगा’ आणि डोळ्यांसमोरची घोणस यांत फरक पडतो.

कात सापडली तर

साप गेला, कात मागे राहिली, ही उत्तम संधी आहे. कातेवर रंग फारसा येत नाही, पण खवले जसेच्या तसे उमटतात. हातमोजे घालून ती पांढऱ्या कागदावर पसरा. लक्षात ठेवा, कात ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते.

अंगाच्या मधोमध, एका बाजूच्या पोटखवल्याच्या शेजारून सुरुवात करून पाठीवरून दुसऱ्या बाजूपर्यंत खवल्यांच्या रांगा मोजा. मग शेपटीच्या खालचे खवले पाहा, ते एकेरी आहेत की दोन-दोन जोडीने?

पंधरा (क्वचित सतरा) रांगा, मधली रांग मोठी षटकोनी आणि शेपटीखालचे खवले एकेरी: मण्यार. दोन्ही खुणा एकत्र हव्यात, कारण रुका या झाडावरच्या सापाचीही मधली रांग मोठी असते, पण शेपटीखाली जोड खवले असतात. सतरा रांगा, मधली रांग इतरांसारखीच, शेपटीखाली जोड: कवड्या किंवा धामण, लांबीवरून ठरतं. एकवीस ते पंचवीस गुळगुळीत रांगा आणि जोड खवले: नाग असू शकतो, कात सर्पमित्राला दाखवा. सत्तावीस ते तेहतीस रांगा, प्रत्येक खवल्यावर मधोमध उभी कड आणि शेपटीखाली जोड: घोणस. खवल्यांवर अशीच उभी कड, पण कात लहान आणि शेपटीखाली एकेरी: फुरसं. डुरक्याच्या रांगा चाळीसच्या पुढे जातात आणि पोटाचे खवले अरुंद, पोटाची पूर्ण रुंदी न व्यापणारे असतात.

साप चावला तर ओळख बाजूला ठेवा

भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्र चालतं. त्यामुळे साप कोणता होता हे न कळल्याने उपचार अडत नाहीत. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. साप शोधण्यात, मारण्यात, पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवू नका. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही काही काळ चावू शकतं. आधीच फोटो असेल तर दाखवा, बस.

रुग्णाला आडवं करा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, घट्ट कपडे लगेच काढा, कारण सूज चढली की ते कापावे लागतात. चावलेल्या हाता-पायाला मोडलेल्या हाडासारखी फळी बांधून स्थिर करा. दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नका: घोणशीच्या विषाने आधीच कुजू लागलेला भाग रक्ताअभावी आणखी बिघडतो आणि दोरी सोडताच साठलेलं विष एकदम अंगात पसरतं. चीर देणं, चोखणं, बर्फ लावणं, मंत्र, जडीबुटी, काही नाही. १०८ ला फोन करा. मण्यार किंवा नागाचा संशय असेल तर प्रतिविषासोबत व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा. शहरात ससून आहे. दूर असाल तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष सुरू करून मग पुढे हलवणं शहाणपणाचं.

घोणस किंवा फुरशाच्या दंशात डॉक्टर २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती गेली आहे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून पहिली चांगली आली तरी घरी जायची घाई करू नका. प्रतिविषाच्या सुरुवातीच्या ८ ते १० कुप्या मुलांना आणि मोठ्यांना सारख्याच दिल्या जातात, कारण सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते रुग्णालयाबाहेर द्यायचं औषध नाही.

पहाटे कुणी पोटदुखी, उलटी, गिळायला त्रास, पापण्या जड होणं अशी तक्रार घेऊन उठलं आणि रात्री जमिनीवर झोपलेलं असेल, तर व्रण नसला, दुखत नसलं, साप कुणी पाहिला नसला तरी मण्यारीचा दंश धरा आणि निघा. साप बिनविषारी होता असं सगळे म्हणत असले तरी २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली राहा. पोहोचल्यावर डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी मोजक्या: चावल्याची वेळ, पहिलं लक्षण कधी दिसलं, पापण्या केव्हापासून पडू लागल्या, लघवी शेवटची कधी झाली आणि तिचा रंग कसा होता, आधी कुठली औषधं सुरू आहेत. वाटेत या वेळा मोबाइलमध्ये लिहीत जा.